फळ्यांखालची उसनवारी

ग्रिम्सबीत, गोदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
एनिड कटफर्थबाईंचं घर. सगळं वायरिंग बदलायचं होतं.
रॉयस्टनचे गुडघे गेलेले,
मी त्याच्या हाताखाली शिकणारी, अंगानं काटकुळी,
म्हणून फळ्यांखाली सरपटायचं ते मीच.

मेन बंद. टेस्टरनं तीनदा खात्री.
जिन्यापाशी तीन फळ्या उकलल्या,
खिळे नाखुशीनं निघाले.
खाली विटांचा गारवा, खाऱ्या ओलीचा वास
आणि तुळयांवर बसवलेले गोल तपकिरी डबे,
बूटपॉलिशच्या डबीएवढे.
सगळे वॉल्टरचे. बाईंचा नवरा.
आठवडाभर बर्फाच्या कारखान्यात फिटर,
रविवारी घरातली वीज.

"हात चांगला होता," वरून रॉयस्टन म्हणाला.
त्याच्या तोंडून हे क्वचित.
"पण स्क्रूचा जोड असा असतो, पोरी,
तापतो, निवतो, तापतो, निवतो,
सैल होतो आणि कुणाला सांगत नाही.
म्हणून त्याला गाडायचं नाही.
हात पोचेल असाच ठेवायचा."

शेवटच्या डब्याचं झाकण फिरवलं.
तीन वायरी कळल्या:
एक येणारी, एक पुढे जाणारी,
एक बाईंच्या जिन्यातल्या दिव्याची.
चौथी कुठली?
तिच्यामागे कोपरांवर सरकत गेले,
केसांत जळमटं, दातांत टॉर्च.
ती थेट भिंतीत शिरली होती.
शेजारच्या भिंतीत.
विटेला नेटकं भोक, भोवती पुट्टी,
कडा बोटानं गुळगुळीत केलेली.

वर येऊन सांगितलं. बाई चहाचे कप घेऊन उभ्या.
"उंदीर," त्या म्हणाल्या.
"त्या हिवाळ्यात दोन रात्री तो खाली होता.
म्हणाला, उंदीर झालेत."

तेवढ्यात दार वाजलं.
पलीकडचा विल्मांतास,
मासळीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला,
डोळे झोपेनं जड.
"माझ्या जिन्यातला एकच दिवा गेलाय सकाळपासून.
बाकी घर चालू आहे."
मग जरा ओशाळून,
"एरवी उलट असतं. मेन बंद केला
तरी तो जळतच राहतो.
बायको म्हणते, घरात कुणीतरी आहे."

रॉयस्टननं माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे.

ज्या वर्षी ट्रॉलर बंदरात नुसते बांधून पडले,
तेव्हा पलीकडे स्लाइट राहायचे.
त्यांचा मीटर नाणी खायचा
आणि नाणी नव्हती. चार पोरं
अंधारात जिना चाचपत चढायची.
हे बाईंनी एका दमात सांगितलं नाही.
मध्ये बिस्किटं आणली,
मध्ये पडद्याची चुणी सारखी केली.
"आणि मी ओल्गाशी नऊ वर्षं बोलत नव्हते.
कपडे वाळत घालायच्या दोरीवरून.
हाही बोलायचा नाही त्यांच्याशी.
माझ्यासमोर तरी."

कप खाली ठेवला.
"एका दिव्याचं बिल किती होतं?"

रॉयस्टननं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"हे असं ठेवता येणार नाही, बाई.
आपला मेन बंद केलाय म्हणून कुणी निर्धास्त हात घालेल
आणि मरेल."
"ठेवा कुठे म्हणतेय? बिल विचारतेय."
त्यानं काही सांगितलं नाही.

चौथी वायर मी कापली.
वरचं लाल आवरण वाळून कडक झालेलं,
आत तांबं मात्र काल ओढल्यासारखं.
विल्मांतासचा दिवा त्याच्याच बोर्डावर घेतला,
पाऊण तास गेला.
तो पाऊण तास नंतर कुणाच्याच बिलात दिसला नाही.
भोक बुजवणं भाग होतं, आगीच्या नियमानं.
पुट्टी भरली,
आणि कडेवरून बोट फिरवलं, का कोण जाणे.

फळ्या परत बसवताना मी हातोडी उचलली.
"खिळे नकोत," बाई म्हणाल्या.
"स्क्रू लाव. आणि इथला गालिचा
चिकटवू नकोस."